सॉलिड सरफेस काउंटरटॉप: सुरक्षित वाहतूक आणि बसवणी

या पाठाचा विषय तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात बहुधा सापडणार नाही. पण इमारतीच्या अंतर्गत कामावर पहिल्याच वर्षी तुमची त्याच्याशी गाठ पडेल. स्वयंपाकघराचा ओटा, रुग्णालयातला नोंदणी कक्ष, प्रयोगशाळेतले टेबल अशा ठिकाणी सॉलिड सरफेसचे टॉप आता सर्रास बसवतात. टॉप कारखान्यात उत्तम बनतो आणि कामाच्या जागी पोचेपर्यंत किंवा बसवताना खराब होतो, असे पुष्कळदा घडते. त्याहून वाईट म्हणजे तो उचलणारा माणूस जखमी होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातल्या एका प्रयोगशाळेत तीन मीटर लांबीचा असा टॉप बसवला. दोघांनी तो टेम्पोतून आडवाच उतरवला. तो मध्ये झोळीसारखा लवत होता. ओट्यावर ठेवताना मागच्या माणसाचे बोट टॉप आणि भिंत यांच्यामध्ये सापडले आणि हाड मोडले. टॉपला मात्र वरून काहीच झालेले दिसले नाही. चार महिन्यांनी सिंकच्या कोपऱ्यातून केसासारखी एक रेघ निघाली आणि हळूहळू पुढच्या कडेपर्यंत गेली. त्या दिवशी मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही, कारण हे सुतारांचे काम, त्यांना ठाऊक असणार, असे मला वाटले. या पाठातली आकडेमोड मी त्यानंतर केली. ती आधी केली असती तर बोललो असतो.

या पाठातून तुम्हाला काय समजेल

१. टॉपचे वजन आणि त्याला लागणारी माणसे यांचा हिशेब.
२. टॉप आडवा न नेता उभा का न्यायचा, याचे गणित.
३. कटआउटचा आतला कोपरा हीच कमजोर जागा का असते.
४. गाडीत बांधणे, उतरवणे, जिन्यातून नेणे आणि बसवणे यांचा योग्य क्रम.
५. धूळ आणि ज्वलनशील वाफ यांपासूनची काळजी.

१. पदार्थाची ओळख

सॉलिड सरफेस म्हणजे नैसर्गिक दगड नव्हे. त्यात साधारण एक तृतीयांश अॅक्रिलिक रेझिन आणि दोन तृतीयांश अॅल्युमिनियम ट्रायहायड्रेटची पांढरी भुकटी असते. ड्युपाँट कंपनीने १९६७ मध्ये हा पदार्थ तयार केला आणि 'कोरियन' या नावाने बाजारात आणला. आज अनेक कंपन्या असेच पदार्थ बनवतात. वरपासून खालपर्यंत तो एकजिनसी असतो. म्हणून त्यावरचे ओरखडे घासून काढता येतात आणि दोन तुकडे जोडले तर जोड सहसा दिसत नाही.

पुढच्या हिशेबासाठी आपण हे ढोबळ आकडे धरू. प्रत्यक्ष कामावर मात्र तुम्ही घेतलेल्या शीटच्या माहितीपत्रकातलेच आकडे वापरा.

- घनता: १७०० किलो प्रति घनमीटर
- नेहमीची जाडी: १२ मिमी
- स्थितिस्थापकता गुणांक: ९ गिगापास्कल
- वाकवताना तुटण्याचे प्रतिबल: ६० ते ७० मेगापास्कल
- औष्णिक प्रसरण गुणांक: दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००३

शेवटचा आकडा नीट पाहा. ग्रॅनाइटचा हाच गुणांक सुमारे ०.०००००८ असतो. म्हणजे तापमान तेवढेच वाढले तर सॉलिड सरफेस ग्रॅनाइटच्या जवळजवळ चौपट प्रसरण पावते. ग्रॅनाइट किंवा कडप्पा बसवण्यात हयात गेलेला कारागीर जेव्हा त्याच सवयीने सॉलिड सरफेस बसवतो, तेव्हा चूक नेमकी इथे होते.

२. वजन आणि माणसे

१२ मिमी जाडीच्या एका चौरस मीटरचे वजन ०.०१२ × १७०० = २०.४ किलो. १८ मिमी ग्रॅनाइटचे वजन चौरस मीटरला ४८ किलोच्या आसपास भरते. म्हणजे आपला टॉप निम्म्याहून हलका आहे. धोक्याची सुरुवातही इथूनच होते. ग्रॅनाइट जड आणि ठिसूळ असतो हे सर्वांना माहीत असते, म्हणून त्याला सगळे जपतात. सॉलिड सरफेस हलके असते आणि थोडे लवते, म्हणून ते सहन करील असे गृहीत धरले जाते.

बाजारात मिळणारी पूर्ण शीट साधारण ३.६६ मीटर लांब आणि ०.७६ मीटर रुंद असते. क्षेत्रफळ २.७८ चौरस मीटर आणि वजन सुमारे ५७ किलो. दोघांनी उचलली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेअठ्ठावीस किलो येतात. हाताने वजन उचलण्यासाठी अमेरिकेच्या नायोश संस्थेने दिलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अगदी अनुकूल असतानाही, एका माणसासाठी कमाल २३ किलो धरले आहेत. वाकून, वळून किंवा जिन्यात उचलायचे असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणून पूर्ण शीटला किमान तीन माणसे हवीत, चार असली तर उत्तम. सपाट जमिनीवर चाकांची गाडी वापरावी.

३ मीटर × ०.६ मीटरच्या तयार टॉपचे वजन ३७ किलोच्या आसपास असते. सपाट वाटेवर दोन माणसे पुरतात, जिन्यासाठी तिसरा माणूस हवा. मागची १०० मिमी उंचीची पट्टी आधीच चिकटवली तर आणखी ६ किलो वाढतात आणि टॉप हातात नीट तोलला जात नाही. म्हणून ही पट्टी वेगळी नेऊन जागेवरच चिकटवतात.

३. आडवा की उभा?

आता मुख्य गणित. टॉप ३ मीटर लांब, ०.६ मीटर रुंद, १२ मिमी जाड आहे आणि दोन माणसांनी तो दोन टोकांना धरला आहे. हा दोन टोकांना टेकलेला साधा बीमच झाला.

दर मीटर लांबीचा भार = २०.४ × ०.६ × ९.८१ = सुमारे १२० न्यूटन.

मध्यभागी बेंडिंग मोमेंट = भार × लांबी² ÷ ८ = १२० × ९ ÷ ८ = १३५ न्यूटन-मीटर.

*आडवा धरला तर:* सेक्शन मॉड्युलस = रुंदी × जाडी² ÷ ६ = ०.६ × ०.०१२² ÷ ६ = ०.००००१४४ घनमीटर. प्रतिबल = १३५ ÷ ०.००००१४४ = सुमारे ९.४ मेगापास्कल. मध्यभागी लवण काढली तर ती जवळजवळ १६० मिमी येते. प्रयोगशाळेत मला दिसलेली झोळी ती हीच.

*उभा, म्हणजे लांब कड खाली करून धरला तर:* ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेची उंची आता १२ मिमी नसून ६०० मिमी आहे. सेक्शन मॉड्युलस = ०.०१२ × ०.६² ÷ ६ = ०.०००७२ घनमीटर. प्रतिबल = सुमारे ०.१९ मेगापास्कल. लवण ०.१ मिमीपेक्षाही कमी.

प्रतिबल पन्नास पटींनी कमी झाले, कारण ६०० ÷ १२ = ५०. लवण या पन्नासच्या वर्गाने, म्हणजे अडीच हजार पटींनी कमी झाली. टॉप तोच आणि माणसेही तीच, फरक फक्त धरण्याचा.

चौकस विद्यार्थी इथे विचारेल: आडवा धरूनही प्रतिबल ९.४ मेगापास्कलच आहे आणि तुटायला ६० लागतात, मग भीती कसली? प्रश्न बरोबर आहे. अखंड शीट आडवी उचलली तर बहुधा तुटणार नाही. पण कामाच्या जागी जाणारा टॉप बहुधा अखंड नसतो.

४. कटआउटचा आतला कोपरा

या टॉपच्या मधोमध सिंकसाठी ६०० × ४०० मिमीचा कटआउट कापला आहे असे समजा. मधल्या भागात आता पुढे १०० मिमी आणि मागे १०० मिमी अशा दोनच पट्ट्या उरल्या. कापलेल्या भागाचे वजन कमी झाल्याने बेंडिंग मोमेंट थोडा उतरून सुमारे १०३ न्यूटन-मीटर होतो. पण वाकण्याला विरोध करणारी रुंदी ६०० वरून २०० मिमीवर आली. सेक्शन मॉड्युलस एक तृतीयांश, म्हणजे ०.०००००४८ घनमीटर. आडवा धरल्यास प्रतिबल = १०३ ÷ ०.०००००४८ = सुमारे २१ मेगापास्कल.

हे झाले सरासरी प्रतिबल. कोपरा काटकोनात कापला असेल तर त्या टोकापाशी प्रतिबल एकवटते. ते अडीच पट धरले तरी ५० च्या पुढे जाते. त्यात चालताना पाय अडखळला किंवा टोक दाणकन खाली टेकले, तर अचानक आलेला भार स्थिर भाराच्या दुप्पट परिणाम करतो हे तुम्ही शिकलेला आहात. मग आकडा १०० च्या वर जातो आणि पदार्थाची ताकद तर ६० ते ७० आहे. कोपऱ्यात तडा जाणारच. तो इतका बारीक असू शकतो की त्या दिवशी दिसणार नाही. पुढे ओट्यावर कुटणे-चेचणे आणि शेगडीची उष्णता यांनी तो वाढत जातो.

यावरून चार नियम निघतात.

*पहिला:* आतला कोपरा कधीही काटकोनात कापायचा नाही. तिथे किमान ६ मिमी त्रिज्येची गोलाई हवी, जागा असेल तर १२ मिमी. कापण्यासाठी राउटर वापरावा. जिगसॉ किंवा ग्राइंडरने कापल्यास कडेला बारीक दाते राहतात आणि प्रत्येक दाता म्हणजे तड्याची सुरुवात. म्हणून कापल्यावर कटआउटच्या वरच्या व खालच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात.

*दुसरा:* कटआउटच्या चारही कोपऱ्यांखाली त्याच शीटचे छोटे तुकडे चिकटवून जाडी वाढवावी.

*तिसरा:* नेण्यापूर्वी कटआउटच्या पुढच्या आणि मागच्या पट्टीवर, उघड्या भागाच्या दोन्ही बाजूंना बरीच पुढे जाईल अशी लाकडी पट्टी क्लॅम्पने आवळावी. टॉप ओट्यावर पूर्ण टेकेपर्यंत ती काढू नये.

*चौथा:* शेगडीचा मोठा कटआउट शक्य असेल तर टॉप जागेवर बसल्यावरच कापावा. धूळ जास्त होते, तिचा विचार आपण पुढे करू.

५. निघण्यापूर्वी वाट मोजा

टॉपचे माप घेताना वाटेचेही माप घ्या. फाटक, लिफ्ट, जिना, दार आणि स्वयंपाकघराकडे जाणारे वळण, सगळे मोजा.

लिफ्टच्या डब्याचे आतले माप १.१ × १.४ × २.२ मीटर असेल तर त्याचा सर्वांत लांब कर्ण = (१.२१ + १.९६ + ४.८४) चे वर्गमूळ = २.८३ मीटर. म्हणजे तीन मीटरची काठीसुद्धा त्यात मावणार नाही, मग ०.६ मीटर रुंदीच्या टॉपचे बोलायलाच नको.

काटकोनात वळणाऱ्या मार्गिकेतून उभा टॉप नेताना वरून पाहिल्यास तो एका काठीसारखा असतो. दोन्ही मार्गिका सारख्या रुंदीच्या असतील तर वळू शकणारी कमाल लांबी = २.८३ × रुंदी. गणिताच्या पहिल्याच सत्रात महत्तम-न्यूनतमच्या प्रकरणात तुम्ही हे उदाहरण सोडवलेले असते. मार्गिका १ मीटर असेल तर २.८३ मीटरचाच टॉप वळेल. १.२ मीटर असेल तर ३.३९ मीटरपर्यंतचा वळेल. प्रत्यक्षात हाताच्या बोटांना जागा लागते, म्हणून यातून किमान २० ते ३० सेंटीमीटर वजा करा.

टॉप मावत नसेल तर तो दोन तुकड्यांत बनवून जागेवर जोडा. जोड न दिसणे हा या पदार्थाचा मोठा गुण आहे, त्याचा फायदा घ्या. गच्चीतून किंवा खिडकीतून दोराने टॉप ओढून घेण्याचा मोह टाळा. वाऱ्याच्या एका झोताने तो भिंतीवर आपटतो आणि खाली माणसे असतात. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा टॉप तर अखंड कधीच नेऊ नये. त्याचा आतला कोपरा हा कटआउटच्या कोपऱ्यासारखाच कमजोर असतो.

६. गाडीत ठेवणे आणि बांधणे

७६० मिमी उंचीची आणि १२ मिमी जाडीची शीट कडेवर उभी केली तर किती कललेली असताना पडेल? १२ ÷ ७६० हे गुणोत्तर घेतले तर उत्तर येते ०.९ अंश. एक अंशापेक्षाही कमी. म्हणून शीट आधाराशिवाय क्षणभरही उभी सोडायची नाही.

गाडीत उलट्या व्ही अक्षराच्या आकाराची लाकडी किंवा लोखंडी घोडी असावी आणि ती गाडीच्या तळाला पक्की बांधलेली असावी. शीट तिच्यावर ५ ते १० अंश कलून टेकवतात. घोडीच्या दोन्ही बाजूंना वजन सारखे वाटावे. खाली रबर किंवा जुना गालिचा, दोन शीटच्या मध्ये फोम किंवा घोंगडी ठेवावी. मध्ये वाळूचा एक कण जरी राहिला तरी शंभर किलोमीटरच्या हादऱ्यांनी चकाकणाऱ्या बाजूवर तो चांगला ओरखडा पाडतो. म्हणून टॉपच्या चांगल्या बाजू एकमेकींकडे तोंड करून, मध्ये स्वच्छ फोम घालून ठेवतात.

बांधणी कितीची हवी? गाडीतला माल बांधताना पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना ०.५ पट जोर येईल असे धरण्याची रीत आहे. तीन शीटचे वजन १७० किलो. जोरात ब्रेक लागल्यास पुढे ढकलणारा जोर = १७० × ९.८१ × ०.८ = सुमारे १३३० न्यूटन. नुसती सुतळी किंवा पाठीला पाठ लावून बसलेला हमाल हा जोर थोपवू शकत नाही. रॅचेटचे पट्टे वापरा, पट्टा जिथे कडेवरून जातो तिथे पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा कोपरा घाला आणि पुढे लाकडी अडसर लावा. गाडीच्या मागच्या भागात मालासोबत माणूस बसवू नका. हा नियम कितीही गैरसोयीचा वाटला तरी पाळा.

७. उतरवणे आणि उचलून नेणे

उभ्या रचलेल्या शीट आणि लाद्या कोसळून, त्यांच्यामध्ये सापडून माणसे दगावली आहेत. दगडी लाद्यांच्या वाहतुकीतल्या या धोक्याबद्दल अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने २००८ मध्ये खास सूचनापत्र काढले होते. आपली शीट दगडापेक्षा हलकी आहे हे खरे, पण तीन शीट एकत्र कोसळल्या तर १७० किलो अंगावर येतात.

- गाडी सपाट जागी उभी केल्याशिवाय पट्टे सोडू नका. रस्त्याला उतार असेल तर घोडीचा कल बदलतो.
- पट्टा सोडण्यापूर्वी एकाने शीट हाताने घोडीवर दाबून धरावी.
- शीट ज्या बाजूला पडू शकते त्या बाजूला, म्हणजे शीट आणि भिंत किंवा शीट आणि फाळका यांच्यामध्ये, कोणीही उभे राहू नये.
- शीट पडू लागली तर ती धरायला जाऊ नका, बाजूला व्हा. नवी शीट मिळते. हा नियम कामगारांना सकाळी काम सुरू होण्यापूर्वी मोठ्याने सांगा, कारण नुकसान अंगावर येईल या धास्तीनेच हात पुढे जातो.
- प्रत्येकाच्या पायात पुढून कडक असलेले बूट हवेत. चपला घालून हे काम करायचे नाही. हातमोजे पकड सुटणार नाही अशा रबरी तळव्याचे हवेत.

नेताना दोघेही शीटच्या एकाच बाजूला असावेत, म्हणजे गरज पडल्यास ती दुसऱ्या बाजूला सोडता येते. बोलणारा एकच असावा. उचला, थांबा, ठेवा हे त्याच्याच सांगण्यावरून व्हावे. जिन्यात वजनाचा मोठा वाटा खालच्या माणसावर येतो, म्हणून अनुभवी आणि ताकदीचा माणूस खाली हवा आणि तिसरा माणूस पुढे वाट मोकळी करणारा हवा. कोपरा जिन्यावर टेकू देऊ नये. दमल्यास थेट फरशीवर न टेकवता लाकडाच्या दोन तुकड्यांवर टेकवावी.

टॉप काही दिवस ठेवायचा असेल तर घोडीवर कलता ठेवा, किंवा सपाट जमिनीवर ६०० मिमीपेक्षा जास्त अंतर नसलेल्या आधारांवर आडवा ठेवा. नुसता भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर अॅक्रिलिक हळूहळू कायमचे वाकते आणि तो बाक पुढे ओट्यावर निघत नाही.

८. बसवणे

*आधार तपासणे.* टॉप आणण्यापूर्वी खालची कपाटे किंवा कडप्प्याचे उभे आधार पाणसळीने तपासा. ३ मीटर लांबीत ३ मिमीपेक्षा जास्त चढउतार नको. टॉपच्या वजनाने फट दबेल अशी आशा करू नका, फटीत पट्टी घालून पातळी साधा. समोरून मागे जाणारे आधार ६०० मिमीपेक्षा जास्त अंतरावर नसावेत. सिंक आणि शेगडी यांच्या दोन्ही बाजूंना वेगळा आधार द्या. खाली अखंड प्लायवूड घालण्यापेक्षा प्लायच्या पट्ट्यांची चौकट बरी, कारण अखंड प्लायमुळे उष्णता अडून राहते. टॉप आधाराच्या पुढे १५० मिमीपेक्षा जास्त येत असेल तर खाली ब्रॅकेट लावा.

*तापमान जुळू देणे.* उन्हातून आलेली शीट किंवा थंडीत रात्रभर बाहेर राहिलेली शीट लगेच बसवू नका. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच माप पडताळा आणि जोड लावा.

*प्रसरणासाठी फट.* समजा दिल्लीत जानेवारीत १० अंश तापमानात ३ मीटरचा टॉप बसवला आणि जूनमध्ये तो ४२ अंशांवर गेला. वाढ = ३००० × ०.००००३ × ३२ = २.९ मिमी. दोन भिंतींमध्ये घट्ट बसवलेल्या टॉपला ही जागा मिळाली नाही तर प्रतिबल = ९००० × ०.००००३ × ३२ = सुमारे ८.६ मेगापास्कल, आणि ते कटआउटच्या कोपऱ्यात पुन्हा एकवटणार. म्हणून ३ मीटर लांबीला किमान ३ मिमी फट हवी. ती मागच्या पट्टीखाली झाकली जाते आणि वरून लवचिक सिलिकॉनने बंद करतात. सिमेंट किंवा टाइल ग्राउट तिथे भरू नका. आपल्याकडच्या भिंती क्वचितच गुण्यात असतात, म्हणून आधी पुठ्ठ्याचे किंवा पातळ प्लायचे साचे काढूनच टॉप कापावा.

*टॉप ठेवणे.* ओट्यावर आधी १५ मिमी जाडीच्या तीन-चार लाकडी पट्ट्या आडव्या ठेवा. टॉपची मागची कड त्यांवर टेकवा, मग पुढची कड सावकाश खाली आणा. बोटांना खाली जागा राहते. नंतर एका टोकाने किंचित उचलून एकेक पट्टी काढा. पाच मिनिटांचे हे काम. आमच्या प्रयोगशाळेत ते केले असते तर त्या माणसाचे बोट वाचले असते.

*जोड.* जोड कटआउटपासून किमान ७५ मिमी दूर असावा आणि त्याच्याखाली त्याच शीटची १०० मिमी रुंदीची पट्टी लांबीभर चिकटवावी. कडा अल्कोहोलने आणि स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसाव्यात. रंगीत फडक्याचा रंग जोडात उतरतो. दोन घटकांचा अॅक्रिलिक चिकट पदार्थ भरून तुकडे हलकेच आवळावेत. फार आवळले तर तो सगळा बाहेर पडतो आणि जोड उपाशी राहतो. बाहेर आलेला पदार्थ नखाने दाबून पाहा. खूण उमटेनाशी झाली की मगच घासायला घ्या.

*चिकटवणे.* टॉप आधाराला स्क्रूने जखडायचा नाही, कारण स्क्रू प्रसरण रोखतो आणि त्याच्या भोकापासून तडा सुरू होतो. आधारांवर ३०० मिमी अंतराने सिलिकॉनचे ठिपके द्या. सिलिकॉन लवचिक असल्याने टॉप हलू शकतो. चोवीस तास त्यावर वजन ठेवू नका.

*शेगडी.* कटआउटच्या कडेवर अॅल्युमिनियमची उष्णतावाहक टेप चिकटवतात. ती उष्णता पसरवते आणि कड एकाच ठिकाणी तापू देत नाही. शेगडी कटआउटच्या कडेला चिकटून बसू नये, सगळीकडे ३ मिमी तरी अंतर हवे. अॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते. तापलेली कढई किंवा कुकर थेट टॉपवर ठेवायचा नाही, हे घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाच समजावून सांगा. ठेकेदाराला सांगून उपयोग नाही.

९. धूळ, वाफ आणि आग

सॉलिड सरफेसमध्ये अॅक्रिलिक व अॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट असते, तर इंजिनिअर्ड क्वार्ट्झमध्ये बहुतांश स्फटिकी सिलिका असते. त्या सिलिकेच्या धुळीने तरुण कामगारांना सिलिकोसिस झाल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोनवर बंदी घातली. दोन्ही पदार्थ दिसायला सारखे असतात, म्हणून समोर नेमके काय आहे हे बिलावरून पडताळा. सॉलिड सरफेसमध्ये सिलिकेचा तो धोका नसला तरी त्याची बारीक धूळ निरुपद्रवी समजू नका. कापताना आणि घासताना यंत्राला व्हॅक्यूम जोडा, खिडक्या उघड्या ठेवा आणि एन-९५ दर्जाचा मास्क वापरा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ थांबवत नाही.

जोडाच्या पदार्थात मिथाइल मेथॅक्रिलेट असते. त्याचा ज्वलनबिंदू सुमारे १० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडच्या जवळजवळ कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा साडेतीन पट जड असल्याने जमिनीलगत साचते. पुसण्याचे अल्कोहोलही ज्वलनशील. आणि हे सगळे स्वयंपाकघरात चालते. म्हणून डबी उघडण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद करा, देव्हाऱ्यातला दिवा आणि उदबत्ती विझवा, विडी-सिगारेट बाहेर ठेवायला सांगा. पदार्थ त्वचेला लागू नये म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला.

१०. सारांश

वाहतुकीतला तडा आणि वापरातला तडा एकाच जागी, म्हणजे आतल्या कोपऱ्यात पडतो. एकदा कारण वाकवणे असते, दुसऱ्यांदा अडवलेले प्रसरण. कोपऱ्याला गोलाई, टॉप नेताना उभा आणि बसवताना मोकळा, या तीन गोष्टी पाळल्या तर बहुतेक नुकसान टळते. माणसाच्या बाबतीत नियम याहून सोपा आहे: शीट जिथे पडू शकते तिथे कोणी उभे नको आणि पडणारी शीट कोणी धरायची नाही.

तुम्ही कामावर पर्यवेक्षक म्हणून उभे असाल आणि टॉप आडवा निघालेला दिसला, तर थांबवा. वीस वर्षे काम केलेल्या मिस्त्रींना थांबवताना संकोच वाटेल. 'काका, एक मिनिट, हा उभा घेऊ या' एवढे म्हणा आणि कारण सांगा. बहुतेक जण ऐकतात, कारण पाठ त्यांची असते आणि बोटेही त्यांचीच असतात.

सरावासाठी प्रश्न

१. २.४ मीटर × ०.६ मीटर × १२ मिमी टॉपचे वजन काढा. जिन्यातून नेण्यासाठी किती माणसे घ्याल? कारण द्या. (उत्तर: सुमारे २९.४ किलो)

२. वरील टॉप आडवा, दोन टोकांना धरून उचलल्यास मध्यभागी प्रतिबल किती? उभा धरल्यास किती? (उत्तर: सुमारे ६ आणि ०.१२ मेगापास्कल)

३. ४.५ मीटर लांबीच्या टॉपसाठी ३० अंश तापमानफरक धरून फट काढा. (उत्तर: सुमारे ४ मिमी)

४. तुमच्या वसतिगृहाच्या किंवा घराच्या जिन्याच्या वळणाचे आणि लिफ्टचे माप घ्या. ३ मीटरचा टॉप तुमच्या मजल्यापर्यंत पोचेल का? नसेल तर जोड कुठे घ्याल, हे आकृती काढून दाखवा.